शिवलेली पानं

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. क्लबहाऊसच्या कोपऱ्यात सतरंजी टाकायची, त्यावर वीस-पंचवीस मुलं आणि मागे खुर्च्यांवर त्यांच्या आया. या उद्योगाचं जरा कौतुकही होतं. शाळा बोलावतात, वाचनावर चार शब्द बोला म्हणतात. शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्हाला वाचनाची गोडी कशी लागली?" आणि मी हसून सांगते, "माझे बाबा रोज कामावरून येताना माझ्यासाठी पुस्तक आणायचे."

हे साफ खोटं आहे. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनीच्या बसने संध्याकाळी सातला घरी यायचे आणि आणलंच काही तर कांदे-बटाटे आणायचे. त्यांनी मला आयुष्यात एकही पुस्तक आणून दिलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. मला वाचायला लावलं ते आमच्या शाळेतल्या शिपाईबाईने, बारकूमावशीने. इतकी वर्षं मी तिचं नाव घेत नाही, कारण ते घेतलं की पुढचंही सांगावं लागतं. आता सांगून टाकते.

मी चौथीत असताना माझी आई गेली. तोवर आम्ही दोघी साताऱ्याकडे आजोळी राहायचो आणि बाबा इकडे नोकरीला. आई गेल्यावर बाबांनी मला घणसोलीला आणलं आणि पाचवीत घातलं. शाळा सकाळची. साडेबाराला सुटायची आणि घराला कुलूप. शेजारपाजार नवा, कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. बाबांनी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, गळ घातली की पोरीला दुपारच्या सत्रातही शाळेतच बसू द्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "बसू दे. मावशी लक्ष ठेवेल."

अशी मी बारकूमावशीच्या पदरात पडले. ती तळवली गावची. आमच्या कॉलनीच्या आधीपासूनचं गाव ते, भातशेती आणि खाडीवर जगलेलं. बुटकी, काळीसावळी, शाळेची निळी साडी चापूनचोपून नेसलेली. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. अंगाला सुक्या बोंबलांचा वास यायचा. घरी अंगणात मासळी वाळत घालून, डोक्याला तेल लावून ती थेट शाळेत यायची. वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. तिला ते दिसायचं, आणि ती मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. "काय गो, सर्दी झाली?" असं अगदी काळजीने विचारायची.

जिन्याखाली दोन लोखंडी कपाटं होती, तीच आमची लायब्ररी. खरं तर ते काम मराठीच्या बाईंचं. पण त्यांच्याकडे वर्ग, परीक्षा, स्नेहसंमेलन, सगळंच होतं. त्यांनी एक दिवस किल्ली मावशीकडे टाकली आणि म्हणाल्या, "तूच देत जा गं पुस्तकं." दुसऱ्या कुणी नुसती पुस्तकं दिली-घेतली असती. मावशीला वाटलं, द्यायचं ते आधी आपण वाचलं पाहिजे. ती चौथीपर्यंत शिकलेली, तीही लग्नानंतर. एका पुस्तकाला तिला आठ-आठ दिवस लागायचे. रोज ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी न्यायची आणि जेवणं झाली की ओटीवर बसून मोठ्याने वाचायची. शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. एकदा मराठीच्या बाई हसल्या, म्हणाल्या, "मावशी, एवढं कशाला?" तर ती म्हणाली, "चाखल्याबिगर पोरांना वाढू कशी?"

पुस्तक हातात देताना ती इशारा द्यायची. हा तिचा नेम होता. "यात म्हातारी मरते. नेतेस का?" "यात कुत्रा हाय. शेवटाला मरतो. तुज्या घरी कुत्रा हाय का? मग हे नको नेऊ, दुसरं देते." गोष्टीचा शेवट असा आधीच फुटतो याचं तिला काही वाटायचं नाही. शेवट काय, सगळ्यांचा सारखाच, असं तिचं म्हणणं. सातवीतला एक आडदांड मुलगा येऊन सांगायचा, "मावशी, ज्यात जास्त मरतात ते द्या." मावशी त्याला बागकामाचं पुस्तक द्यायची.

हात दाखवल्याशिवाय ती पुस्तक देत नसे. पुढून, मागून, नखं. पुस्तकांना तिने जुन्या कॅलेंडरांची कव्हरं घातली होती. त्यामुळे आमच्या लायब्ररीतल्या प्रत्येक पुस्तकावर कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या तारखा असायच्या, आणि आम्ही पुस्तकं तशीच ओळखायचो. "मावशी, फेब्रुवारी द्या."

मी मात्र पहिले दोन महिने पुस्तकाला हात लावला नाही. जिन्याखालच्या पायरीवर बसून राहायचे. कुणी आईबद्दल विचारलं की गावाला गेली आहे म्हणायचे. मावशीने मला एकदाही काही विचारलं नाही. ती तिच्या स्टुलावर बसून, शब्दाखाली बोट धरून, पुटपुटत वाचत असायची. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. तीनतीनदा मागे जाऊन पुन्हा यायची. तिने हे माझ्यासाठी मुद्दाम केलं असं लिहायला छान वाटलं असतं. पण तसं नव्हतं, तिला खरंच अडखळल्याशिवाय वाचता यायचं नाही. एके दिवशी मला ते सहन होईना. मी पायरीवरूनच वाकून तो शब्द वाचून टाकला. तिने वर न बघता बोट पुढच्या शब्दावर नेलं. तोही मी वाचला. पंधरा दिवसांत असं झालं की पान मी वाचायचे आणि बोट तिचं असायचं.

त्या जिन्याखाली मला काय मिळालं ते कसं सांगू. दुपारचे एक ते पाच हे चार तास मला आधी संपता संपत नसत. घर आठवायचं, आजोळ आठवायचं, आईचा शेवटचा महिना आठवायचा. गोष्टीत शिरलं की त्या चार तासांत माझं स्वतःचं काहीच नसायचं, ना नाव ना घर. आणि पाच वाजता पुस्तक मिटून पुन्हा माझ्यात यावं लागलं तरी मघाइतकं दुखत नसे. मी दहा वर्षांची होते. औषध लागू पडलं हे कळायला तेवढं वय पुरतं.

पाचवीच्या दिवाळीनंतर तिने मला एक जाडजूड पुस्तक दिलं. आगबोटीवरच्या एका मुलाची गोष्ट. मधली चार पानं पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली होती. साधा धावदोरा, मोठे टाके, तिन्ही बाजूंनी.

"हे काय?" मी विचारलं.

"एवरी पानं एकटीनं नाय वाचाची."

"मग पुढचं कळणार कसं?"

"मी सांगते ना." तिने मला स्टुलाजवळ ओढलं, माझा हात आपल्या मांडीवर धरला आणि अगदी बाजारहाटाचं सांगावं तशी म्हणाली, "यात त्या पोराची आई जाते. दवाखान्यात. तो लय रडतो. तीन दिवस जेवत नाय. मग मामा त्याला बोटीवर नेतो. झालं. आता म्होरं वाच."

मी तिथेच रडायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. तिने हात सोडला नाही आणि गप्प बस असंही म्हणाली नाही. दुपारच्या सत्रातल्या मधल्या सुट्टीची घंटा द्यायची वेळ झाली होती. ती तशीच बसून राहिली आणि त्या दिवशी सुट्टी दहा मिनिटं उशिरा झाली. त्याबद्दल तिला बोलणी बसली ते मला नंतर कळलं.

पुढे तशी बरीच पुस्तकं आली. माझ्यासाठी शिवायची, मी परत दिलं की उसवून ठेवायची. तिने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही हे लक्षात घ्या. गोष्टीतली आई वाचली असं तिने एकदाही सांगितलं नाही. मेली तर मेली म्हणायची. फक्त त्या पानावर मी एकटी असू नये एवढंच तिला हवं होतं. ज्याचे वडील गेले होते अशा एका मुलासाठीही ती शिवायची. आजी गेलेल्या एका मुलीसाठीही. कुणाच्या घरी काय झालंय ते तिला बरोबर माहीत असायचं.

सहावी-सातवी अशीच गेली. आठवीत मला मैत्रिणी मिळाल्या. सुमार नव्हेत, वर्गातल्या हुशार, चुरूचुरू बोलणाऱ्या. त्यांच्यात बसायचं म्हणजे जिन्याखाली बसून चालणार नव्हतं. "मावशीची पोरगी" असं मला मागून म्हणतात हे एकीने सांगितलं तेव्हा माझे कान तापले. घराची किल्लीही आता माझ्याकडे असायची. मी साडेबाराला त्यांच्याबरोबर बाहेर पडू लागले. मावशीला सांगितलं, क्लास लावलाय. ती म्हणाली, "बरं हाय. शीक."

त्या वर्षी स्नेहसंमेलनात मी एकपात्री केली. लिहिलीही मीच. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चष्म्याला दोरा बांधला आणि स्टेजवर आले. "नमस्कार. मी बारकूबाय. मी या शालेचा सेन्सॉर बोर्ड हाय." हॉल हशाने फुटला. तिच्या बोलण्याची नक्कल मला इतकी छान जमत होती, तीन वर्षं कानाशी ऐकलेली. "जे पान मना पसंत नाय ते मी शिवून टाकते. इतिहासात लढाया लय हाय. उद्या ते पन शिवनार हाय." मग बोंबलांच्या वासावर एक विनोद, मग शब्दाखाली बोट धरून अडखळत वाचण्याची नक्कल. तिथे तर मुलं बाकांवर हात आपटत होती.

मावशी दारात उभी होती, पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन. संमेलनासाठी नवी साडी नेसली होती. ती मला अर्ध्यातच दिसली. मला थांबता आलं असतं, काही तरी दुसरं बोलता आलं असतं. मी आवाज आणखी चढवला. आणि ती पानं कुणासाठी शिवायची, हे त्या सात मिनिटांत मी एकदाही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं.

मला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे संस्थेतलेच कुणी होते. भाषणात त्यांनी माझं कौतुक केलं आणि गमतीने विचारलं, "पण खरंच पुस्तकं शिवतात की काय?" सोमवारी कपाटं उघडली. पानापानाला सुईची भोकं निघाली.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मावशी आधीपासून तिथे उभी होती, हात पुढे बांधून. टेबलावर पुस्तकांचा ढीग. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट विचारलं, "मनीषा, तू त्यांच्याजवळ पुष्कळ बसायचीस. हे का करायच्या त्या? काही कारण असेल तर सांग."

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हणायचं तर माझी आई मेली आहे हे म्हणावं लागलं असतं, मी जिन्याखाली बसून रडायचे हेही. आणि बाहेर माझ्या मैत्रिणी उभ्या होत्या.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मोठ्या बाईंना म्हणाली, "पोरींना काय ठाव? माजंच खूळ ते." आणि कमरेची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली.

तिला मुलींच्या बाथरूमचं आणि फाटकाचं काम दिलं. कपाटांना कुलूप लागलं ते मी दहावी होईपर्यंत निघालं नाही. मराठीच्या बाईंना वेळ नव्हताच. माझ्यानंतर पाचवीत आलेल्या, घराला कुलूप असलेल्या मुलांनी त्या जिन्याखाली काय केलं असेल ते मला माहीत नाही. मी रोज घोळक्याच्या मधोमध राहून फाटकातून बाहेर पडायचे. मावशी सगळ्यांना म्हणायची तेच मलाही म्हणायची, "नीट जा गो." दोन वर्षं. मी एकदाही तिच्यासमोर थांबले नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या रविवारच्या वाचनाला एक नवी मुलगी आली. आईच्या बहिणीकडे राहते, आई नुकतीच गेली आहे, हे मला कुणीतरी दारातच कानात सांगितलं. मी निवडलेल्या गोष्टीत पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. मी दोन पानं एकदम उलटली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, मधलं राहिलं." मी पोट दुखतंय म्हणून वाचन थांबवलं. बारकूमावशीने स्टुलावर बसून जे सहज केलं होतं, ते इतकी पुस्तकं वाचून मला करता आलं नाही. त्याच आठवड्यात मी तळवलीला गेले.

गावात आता घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती झाल्या आहेत, एकमेकींना चिकटून. बारकूबाय म्हटल्यावर एकाने लगेच घर दाखवलं. तळमजल्यावर दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ती मोड आलेले वाल सोलत होती. मांडीवर ताट, पायाशी पातेलं. एवढीशी झाली होती. मी "मावशी" म्हटलं तर मान वर केली, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे.

"मनीषा ना गो तू?"

आवाजावरून ओळखलं तिने. सून आतून आली, "कोन आलंय, आई?"

"आमच्या शालेतली पोरगी. माजं भाषन केलेलं ना स्टेजवर, ती ही." मग मला म्हणाली, "म्हन गो ते. सुनंला ऐकव. तिनं ऐकलं नाय."

"आठवत नाही, मावशी," मी म्हणाले. हेही खोटं होतं.

"मना आठवतं," ती म्हणाली, आणि तिने ते सुरुवातीपासून म्हणायला घेतलं. नमस्कारापासून. एकही शब्द गाळला नाही. माझ्या तोंडून निघालेली तिची नक्कल ती स्वतः करत होती. जिथे हॉल हसला होता तिथे तेवढाच वेळ थांबत होती. बोंबलांचा विनोदही केला. सून हसून हसून लाल झाली, "तुमी पन ना आई," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मला खाली बघवत नव्हतं आणि तिच्याकडेही.

"मावशी, माझं फार चुकलं," मी म्हणाले. "स्टेजवर चुकलं, आणि मोठ्या बाईंसमोर त्याहून. मला माहीत होतं. मी सांगायला हवं होतं."

ती वाल सोलत राहिली. दोन बोटांत धरून दाबायचा, साल एकीकडे, दाणा एकीकडे.

"किल्ली गेली तेचं काय नाय," ती म्हणाली. "आज ना उद्या जायचीच ती. पोरं हसली, पावने हसले, तेचं पन काय नाय. त्यांना मी कोन? पन तू बोलता बोलता मधेच हसलीस. तुलाच हसू आवरना. तवा मना वाटलं, एवरं सगलं वाचलं, ते हिच्या आत गेलंच नाय."

गेलं होतं, मावशी, असं मला म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण आत गेलं असतं तर सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मी काय म्हटलं असतं? तिने एवढं सांगितल्यावर आता पुस्तकांची, रविवारच्या वाचनाची बढाई काय मारणार.

थोड्या वेळाने तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल," म्हणाली. मग चहा येईस्तोवर आणि नंतरही आम्ही दोघी वाल सोलत बसलो. मला लेकरं किती ते तिने विचारलं. एक मुलगी, मी म्हणाले. तिचं नाव काय, ती कितवीला. ती वाचते का, हे विचारलं नाही.

निघताना मी पाया पडले. "नीट जा गो," ती म्हणाली. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. ताट पुन्हा तिच्या मांडीवर होतं. मी सोललेले वाल ती एकेक उचलून, बोटांनी चाचपून बघत होती, आणि राहिलेली सालं काढत होती.